टीबी गेला, कान गेले

छातीच्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला डाग आहे, टीबीच दिसतोय, असं सांगितलं. मला थोडं हायसंच वाटलं. कित्येक आठवडे संध्याकाळ झाली की चढणाऱ्या तापाला निदान नाव तरी मिळालं होतं. मग त्यांनी सहज विचारलं, काम काय करता? मी म्हटलं, एचआयव्ही आणि नशा या विषयावर संशोधन करते, सुईनं नशा करणाऱ्या लोकांच्या मुलाखती घेते. त्यांनी एक्स-रे खाली ठेवला. माझा नवरा विवेक शेजारी बसला होता, त्याला जरा बाहेर थांबायला सांगितलं. दार लागल्यावर आवाज उतरवून म्हणाले,

"तुमची एचआयव्हीची तपासणी कधी केली होती?"

हा प्रश्न मी स्वतः कितीतरी लोकांना विचारला होता. विचारताना आवाज कसा ठेवायचा, विचारल्यावर किती वेळ गप्प राहायचं, हे मी नव्याने कामाला लागलेल्या मुलींना शिकवत असे. आणि आता मी पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत बसले. मला कधी कुणाची सुई टोचली नव्हती, घाबरायचं काही कारणही नव्हतं. तरीही ज्यांच्या मुलाखती घ्यायचे, त्यांच्यासारखीच मीही आता कुणीतरी खालच्या आवाजात विचारलेल्या प्रश्नासमोर बसले होते.

तपासणी झाली. रिपोर्ट निगेटिव्ह आला. टीबीच्या नेहमीच्या गोळ्या सुरू झाल्या.

त्यानंतर एका सकाळी मी चहा गाळत होते. विवेक ऑफिसला निघायच्या तयारीत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "मीपण टेस्ट करून घेतली. कंपनीजवळच्या लॅबमध्ये."

"माझी निगेटिव्ह आली होती ना?"

"हो. म्हटलं, एकदा खात्री करून घेऊ."

त्याच्या आवाजात लपवाछपवी नव्हती, आणि त्याचाच मला जास्त धक्का बसला. आमच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. मी त्याला कप दिला आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसले. कंपनीची बस आली तसा तो गेला. त्या विषयावर आम्ही पुढे बरेच महिने बोललो नाही.

*

आम्ही दोघं अमरावतीचे. विवेकला हिंजवडीत नोकरी लागली तेव्हा लग्न नुकतंच झालं होतं. ते दिवसच असे होते की आमच्याकडचा कुणी ना कुणी दर आठवड्याला बॅग घेऊन पुण्यात उतरायचा, चार दिवस आमच्या वारज्याच्या घरी राहायचा आणि कुठल्यातरी सॉफ्टवेअर कंपनीत चिकटायचा. मी समाजकार्यात एम.ए. केलेली. घरात सगळे कॉम्प्युटरवाले आणि मी येरवड्याला वस्तीत जाणारी. सासरची मंडळी फोनवर विचारायची, "ते तुझं काम अजून चालूच आहे का?"

काम असं होतं. एचआयव्ही असलेली, सुईनं नशा करणारी माणसं फुकट मिळणाऱ्या गोळ्यासुद्धा मध्येच का सोडून देतात, हे आम्हाला समजून घ्यायचं होतं. त्यासाठी लांबलचक मुलाखती घ्यायच्या, त्या रेकॉर्ड करायच्या आणि मग कानाला हेडफोन लावून शब्दन् शब्द उतरवायचा. मुलाखतीची खोली लहान होती. बाहेर कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून आम्ही दार आणि खिडकी दोन्ही बंद करत असू. माणसं खोकत, बोलत, रडत आणि आम्ही समोर बसून ऐकत असू. गुप्तता पाळायची तर हवा बंद होणार, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आज तिथल्या मुलाखती अंगणात कडुनिंबाखाली होतात. माझ्या आजारातून निघालेली ही एक चांगली गोष्ट.

त्या माणसांपैकी एकाला मी इथे दत्ता म्हणते, नाव खरं नाही. रिक्षा चालवायचा, माझ्याहून पाचसहा वर्षांनी लहान. सुई सोडून त्याला बरेच दिवस झाले होते, गोळ्या नेमानं घ्यायचा आणि इतरांना घेऊन यायचा. मला ताई म्हणायचा. त्याला पूर्वी टीबी होऊन गेला होता.

*

नेहमीच्या गोळ्यांनी माझा ताप उतरला नाही. वजन घटतच गेलं. शेवटी थुंकीची मोठी तपासणी केली आणि कळलं की माझ्या अंगातल्या जंतूंवर त्या गोळ्यांचा परिणामच होत नव्हता. वेगळी औषधं, दोन वर्षं, आणि सुरुवातीचे बरेच महिने रोज एक इंजेक्शन. डॉक्टर हे सांगत असताना मी त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली ठेवलेल्या गणपतीच्या चित्राकडे बघत होते. ते एकेक औषध आणि त्याचा त्रास सांगत होते. उलट्या होतील, मन उदास होईल, सांधे दुखतील, कानांवर लक्ष ठेवावं लागेल. मी फक्त एवढंच विचारलं की घरी पाच वर्षांची मुलगी आहे, तिचं काय?

मुक्ताची तपासणी झाली, ती ठीक होती. पण माझ्या थुंकीत जंतू असेपर्यंत तिला लांब ठेवायचं ठरलं. माझी आई अमरावतीहून आली आणि चौथ्या दिवशी तिला घेऊन गेली. जाताना दोघींनी मला दारातूनच पाहिलं. माझ्या तोंडावर मास्क होता. मुक्ताला वाटलं, मीही मागून येणार आहे. तिनं माझ्या चपला दारात नीट जोडून ठेवल्या होत्या.

औषधांबद्दल फार लिहीत नाही. ज्यांना ही औषधं घ्यावी लागणार आहेत त्यांनी एवढंच समजावं की उलटी झाली म्हणजे आपण कमी पडलो असं नसतं. माझी बादली विवेक धुवायचा. ऑफिसला जायच्या आधी आणि आल्यावर. तपासणीची गोष्ट मी विसरले नव्हते, आणि बादली धुणारा माणूसही तोच होता. दोन्ही एकाच माणसानं केलं हे मला तेव्हा जुळवता यायचं नाही. कमरेतल्या इंजेक्शनसाठी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जायचे. तिथल्या सिस्टर रोज विचारायच्या, आज डावीकडे की उजवीकडे? दोन्ही बाजू दुखून बसता येत नसे, म्हणून भाजीवाल्याची वाट बघतानाही मी उभीच असे आणि सोसायटीच्या बाकावर बसलेल्या आजी म्हणायच्या, अहो बसा की, बाकाला पैसे पडत नाहीत.

*

पुढे थुंकीत जंतू दिसेनासे झाले. मुक्ताला लगेच आणू नका, अजून एकदोन तपासण्या होऊ देत, असं डॉक्टर म्हणाले. घरी बसून करण्यासारखं काम म्हणून मी रेकॉर्ड केलेल्या मुलाखती मागवून घेतल्या. ऑफिसातली मैत्रीण शैला रेकॉर्डर देऊन गेली.

पहिलीच मुलाखत दत्ताची होती. मी हेडफोन लावला. आवाज येत होता, पण उशीखालून आल्यासारखा. दत्ताचा आवाज आहे एवढं कळत होतं, शब्द मात्र लागत नव्हते. मी आवाज वाढवला. नुसता गोंगाट मोठा झाला. सेल संपत आले असतील म्हणून शैलाला फोन केला, आणि फोनवरही तिचं बोलणं नीट लागेना तेव्हा मला वाटलं, वारज्यात रेंजच मिळत नाही.

शैला दुसऱ्या दिवशी नवीन सेल घेऊन आली. तिनं ते घातले, हेडफोन स्वतःच्या कानाला लावला आणि ऐकत राहिली. मग काढला आणि काहीतरी म्हणाली.

"काय?" मी विचारलं.

ती पुन्हा म्हणाली. मी पुन्हा विचारलं, काय? ती माझ्याकडे बघतच राहिली. मग पुढे येऊन माझ्या कानाशी मोठ्यानं म्हणाली,

"सगळं स्पष्ट आहे गं, अर्चना."

गेले काही आठवडे कानात किडे किरकिरल्यासारखा आवाज यायचा. मी तो अशक्तपणावर ढकलला होता. कुकरची शिट्टी होत नाही म्हणून मी कुकर दुकानात नेऊन दाखवला होता. दुकानदार म्हणाला होता, बाई, कुकर उत्तम आहे. तेव्हाही मला काही सुचलं नव्हतं. त्या दिवशी शैलासमोर सगळं एकदम कळलं आणि मी जमिनीवर बसले.

*

कानांच्या तपासणीत निम्म्याहून जास्त ऐकू येणं गेल्याचं निघालं. इंजेक्शनचाच परिणाम. गेलेलं परत येणार नव्हतं. डॉक्टर माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि सावकाश बोलले, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. इंजेक्शन आत्ता थांबवलं तर उरलंय तेवढं बहुतेक टिकेल. पण जंतू उलटले तर पुढे द्यायला त्यांच्याकडे फारसं काही नव्हतं. चालू ठेवलं तर बरं होण्याची शक्यता चांगली, मग कानांचं सांगता येणार नव्हतं.

घरी आल्यावर विवेक म्हणाला, थांबवू या. तो इंजिनियर माणूस, त्यानं इंटरनेटवरून बरंच काही वाचून ठेवलं होतं. नवीन औषधं येताहेत म्हणाला. मी विचारलं, कधी येणार? तारीख कुठेच दिलेली नव्हती. मी म्हटलं, माझी मुलगी मला दारातून बघून गेली आहे, मला ती जवळ हवी आहे. तो चिडला. असा चिडलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. म्हणाला, "आणि ती जवळ आल्यावर तुला तिचं बोलणं ऐकू नाही आलं तर?"

मी म्हटलं, चालेल.

ते म्हणणं सोपं होतं, कारण ऐकू न येणं म्हणजे काय हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी इंजेक्शन घेतलं.

*

मुक्ताचा फोन रविवारी सकाळी यायचा. आई फोन लावून तिच्या हातात द्यायची. मला आता ओळखीचे शब्द तेवढे अंदाजानं कळायचे, शाळा, मामा, मांजर. बाकी ठिकाणी मी तिच्या आवाजाच्या चढउतारावरून हो बाळा, अगं बाई, असं म्हणत असे. ती हसली की मी हसत असे. तिला किंवा आईला कानांचं आम्ही सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, निभतंय.

एका रविवारी ती बराच वेळ बोलली. शेवटी आवाज वर गेला, म्हणजे काहीतरी विचारलं होतं. मी म्हटलं, "हो बाळा, हो." पलीकडे शांत झालं. मी पुन्हा म्हटलं, हो. फोन बंद झाला.

थोड्या वेळानं आईनं विवेकला फोन केला. तो गॅलरीत उभा राहून बोलला आणि आत येऊन माझ्यासमोर बसला. ओठ दिसतील असं बोलायची सवय तोवर त्यानं लावून घेतली होती. आईचे शब्द त्यानं जसेच्या तसे सांगितले, आमच्या वऱ्हाडीतच. "पोरगी इचारत होती, आई, तू मला विसरलीस का. अन् अर्चना हो म्हने. दोनदा म्हने. काहून म्हने ते तसं?"

मी त्याला पुन्हा सांगायला लावलं. मला वाटलं, मी ओठ चुकीचे वाचले.

त्याच दुपारी विवेक ट्रॅव्हल्सच्या गाडीनं अमरावतीला गेला. शेवटची तपासणी चांगली आली होती, डॉक्टरांना फोन करून त्यानं विचारून घेतलं होतं. मंगळवारी तो मुक्ताला आणि आईला घेऊन आला. मुक्ता माझ्याजवळ यायला तयार नव्हती. आजीच्या पदराआडून बघत राहिली. मी काय बोलले ते मला आठवत नाही, शब्दांचा उपयोग होणार नाही एवढं मात्र कळत होतं. मी माझा कान तिच्यापुढे केला आणि मान हलवली, नाही, नाही. तिनं जवळ येऊन कानात डोकावून पाहिलं. आत काही आहे का ते बघत होती. मग तिनं आजीकडे वळून काहीतरी विचारलं आणि आई रडायला लागली. मुलीनं काय विचारलं ते मी आईला कधी सांगू दिलं नाही.

महिन्याभरात उरलेलं ऐकू येणंही गेलं. एका सकाळी जागी झाले तर पंखा फिरत होता आणि त्याचा आवाज नव्हता. मी विवेकला हलवून उठवलं आणि पंख्याकडे बोट दाखवलं. तो उठून बसला. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाला की त्या लॅबमध्ये गेल्याची त्याला लाज वाटते. इतक्या दिवसांनी, अशा सकाळी, त्याला तेच सांगावंसं वाटलं. मी त्याला म्हटलं, आज राहू दे.

*

बरं होणंही विचित्र होतं. सगळे अभिनंदन करत होते. वजन वाढलं, एक्स-रे साफ आला, गोळ्या संपल्या. श्रवणयंत्रानं ठोकल्याचे, आपटल्याचे आवाज यायचे, शब्द नाही. मी पुन्हा कामावर गेले. मुलाखती आता शैला घेणार आणि लिहून काढलेल्यावर मी काम करणार असं ठरलं. स्वारगेटला रस्ता ओलांडताना मागून आलेली बस मला कळली नाही. शैलानं दंड धरून मागे ओढलं. ड्रायव्हर डोकं बाहेर काढून काय म्हणाला ते तिनं नंतर कागदावर लिहून दाखवलं: "घरी सांगून आलात का?" आम्ही दोघी फुटपाथवर उभ्या राहून हसलो. आजारानंतरचं माझं ते पहिलं हसू असावं.

मी दत्ताबद्दल विचारलं तेव्हा शैलानं नजर चुकवली. मग लिहून सांगितलं. त्यानं गोळ्या घेणं बंद केलं होतं. पुन्हा सुईवर गेला होता. ताईंना मोठा टीबी झाला, त्या बहिऱ्या झाल्या, ही बातमी वस्तीत पोचली होती आणि कुणीतरी त्याला म्हणालं होतं, तुझाच असणार, तुलाच तर झाला होता.

आम्ही त्याच्या घरी गेलो. तो दारातल्या पायरीवर बसला होता. उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट. गालफडं आत गेलेली. मला पाहून उठायला गेला आणि उठू शकला नाही. मग मान खाली घालून बोलत राहिला. त्याचे खांदे हलताना दिसत होते, बाकी मला काहीच कळत नव्हतं.

"दत्ता, मला ऐकू येत नाही रे," मी म्हटलं. "वर बघून बोल."

त्यानं मान वर केली. "माझ्यामुळं झालं ना, ताई?"

हे मात्र मला ओठांवरून लख्ख कळलं. नाही म्हणणं सोपं होतं, शैलाची तीच अपेक्षा असावी. पण आयुष्यभर त्यानं थापा ऐकल्या होत्या आणि मारल्याही होत्या, त्याला लगेच कळलं असतं. मी म्हटलं, "मला माहीत नाही. चल, विचारू या."

त्याला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. त्याचा एक्स-रे काढला, थुंकी तपासायला दिली. रिपोर्ट यायला वेळ लागला आणि तोवर तो आमच्याशी बोलेना, पण येत राहिला. रिपोर्टच्या दिवशी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवून समजावलं. जुना टीबी साधा होता, औषधाला दाद देणारा. त्यानं सगळा कोर्स पूर्ण केला होता आणि आमच्या मुलाखती सुरू व्हायच्या आधीच तो बरा झालेला होता. आताही थुंकीत काही नव्हतं. ताईंना झालेला टीबी त्याच्यापासून झालेला नाही. शैला शेजारी बसून मला लिहून दाखवत होती. ज्या गोष्टीसाठी त्यानं स्वतःला शिक्षा दिली होती, ती घडलीच नव्हती.

मला वाटलं, दत्ता रडेल. तो रडला नाही. बाहेर एचआयव्हीच्या गोळ्यांच्या खिडकीपुढे रांग होती, तिथे तो जाऊन उभा राहिला. मीही त्याच्याबरोबर उभी राहिले. पुढे सरकता सरकता तो अचानक वळला, मला दिसेल असं तोंड केलं आणि रागानं म्हणाला,

"मग तुमाला कुनी दिला?"

आजार सुरू झाल्यापासून हे मला कुणीच विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, सासरच्यांनी नाही, विवेकनं नाही. सगळ्यांनी माझ्या कामावरून उत्तर धरूनच ठेवलं होतं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "बसमध्ये असेल, बँकेत असेल, कुठेही असेल. कुणीही असेल."

माझा आवाज आता मला कळत नाही. रांगेतली सगळी माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली, त्यावरून समजलं की तो फार मोठा निघाला होता.